विहिरीपाशी दिलेली चिठ्ठी

अंबरनाथ (पूर्व)
८ जानेवारी १९९५

प्रिय दिनानाथदादा,

प्रभूमध्ये सलाम.

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असेल तर पत्र न वाचता ठेवून देऊ नका. आठ वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. पत्ता बदलापूरच्या शंकररावांकडून घेतला. तुम्ही शहाडची खोली सोडून राहुरीला गेलात, एवढंच ठाऊक होतं.

आज उपासनेनंतर आमच्या नव्या पाळकसाहेबांनी मला थांबवून घेतलं. चिंतामणी त्यांचं नाव, वय जेमतेम तीस. कपाटात त्यांना शिबिराचे जुने फोटो सापडले. एकात तुम्ही मुलांच्या घोळक्यात हात वर करून गाताय आणि मी पेटी वाजवतोय. "हे परत का सुरू करत नाही?" म्हणाले. मी सांगितलं, सत्याऐंशीनंतर आधीच्या पाळकसाहेबांची बदली झाली, पुढच्या पावसाळ्यात शेडचे पत्रे उडाले, मग कुणी उचलून धरलं नाही. ते म्हणाले, "पत्रे परत घालता येतात." तरुण माणूस आहे.

तर १ मेपासून दहा दिवस शिबिर भरायचं आहे. जागा तीच. बदलापूरहून एस.टी.ने बारवी फाटा आणि तिथून दीड तासाचा चढ. तुम्हाला आठवतं, पोरांना चढवताना तुम्ही प्रत्येक वळणाला नवं गाणं काढायचात आणि पोरं पाय दुखायचे विसरायची? उल्हासनगरच्या बराकींतली, आमच्या चाळीतली पोरं. त्यांनी डोंगर लांबूनच बघितलेला असायचा. कॅम्प तीनचा तो सिंधी दुकानदार बिस्किटांचे डबे द्यायचा. "साईं, बच्चों के लिए है, तुम मत खाना," असं दर वर्षी म्हणायचा आणि दर वर्षी शंकरराव एक डबा फोडायचे.

पाळकसाहेबांनी चिठ्ठ्यांचं विचारलं. मी सांगितलं की शिबिराच्या शेवटच्या सकाळी आम्हा अकरा सेवकांची नावं तांदळाच्या डब्यात टाकायचो. ज्याला ज्याचं नाव येईल त्यानं वर्षभर त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची, आणि कुणाला सांगायचं नाही. पुढच्या वर्षी पहिल्या संध्याकाळी विहिरीचं ताजं पाणी काढायचं, पेला भरायचा आणि आपल्या माणसापुढे जाऊन धरायचा. मग कळायचं, वर्षभर आपल्यासाठी कोण गुडघ्यावर होतं. ऐकून ते म्हणाले, "म्हणजे सत्याऐंशीच्या चिठ्ठ्यांचं पाणी अजून द्यायचं राहिलंय."

हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं असं नाही.

पद्मजावहिनी गेल्या तेव्हा मी राहुरीला आलो नाही. ड्यूटीचं कारण सांगितलं. ते कारण खरं नव्हतं. दादा, १ मेला तुम्ही या. तुम्हाला एक गोष्ट समोरासमोर सांगायची आहे.

मालिनीचा सलाम.

तुमचा,
श्रीपाद केदारी

*

राहुरी
२२ जानेवारी १९९५

प्रिय श्रीपाद,

सलाम.

अक्षर ओळखलं. अजून तसंच, शाळेतल्या फळ्यावर काढल्यासारखं. आपल्या मिशनच्या शाळेत मार खाऊन शिकलेलं अक्षर मरेपर्यंत सुधारत नाही आणि बिघडतही नाही.

शंकरराव कसे आहेत? त्यांनी पत्ता दिला म्हणजे जिवंत आहेत.

मी येणार नाही. गुडघा गेलाय. इथे पुतण्याच्या घरात राहतो, त्याच्या पोरीला शाळेत सोडतो आणि आणतो, एवढंच चालणं. शहाडच्या कंपनीनं एकोणनव्वदला घरी बसवलं हे तुला ठाऊक असेल. त्यानंतर दोन वर्षांनी पद्मजा. तेव्हापासून मी गात नाही. चर्चमध्ये पुस्तक उघडून उभा राहतो, ओठ हलवतो. पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळून बघते. तिला वाटतं, या माणसाला गाणं येत नाही. मीही तिचा समज मोडत नाही.

गाण्याशिवाय मी डोंगरावर काय करणार? पोरांना उचलून चढवू?

त्या फोटोतली पेटी अजून आहे का? मी विचारलं नसतं तर तुला वाटलं असतं की विसरलो. तुझ्या वडिलांची पेटी मी तुला न विचारता पाड्यावरच्या गंगूच्या लेकीच्या लग्नाला दिली आणि ती भाता फाटून परत आली. सगळ्यांसमोर तू मला बोललास. "देवाची पेटी पाड्यावर नाचायला दिली," असं म्हणालास. शब्द अन् शब्द लक्षात आहे. चूक माझी होती, विचारायला हवं होतं. पण गंगूनं दहा वर्षं आपल्या शिबिराचं पाणी वाहिलं होतं, आणि त्या दिवशी तिच्या दारात वाजवायला काही नव्हतं. तू विहिरीचा पंप बसवायला गेला होतास. मी दिली.

जे सांगायचं ते पत्रात सांग. समोरासमोर बोलण्याइतकी माझ्याकडे आता तयारी नाही.

दिनानाथ उजागरे

*

अंबरनाथ
५ फेब्रुवारी १९९५

प्रिय दिनानाथदादा,

सलाम.

पेटी आहे. माळ्यावर, गोणपाटात. आठ वर्षांत मी तिचा भाता बदलला नाही. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये पेट्या दुरुस्त करणारा एक सिंधी म्हातारा आहे, शंभर वेळा त्याच्या दुकानावरून गेलो. मालिनी म्हणायची, "अहो, वडिलांची पेटी ना ती? मग नीट का करून आणत नाही?" पेटी फाटलेली असेपर्यंत तुमची चूक समोर दिसत होती. ती नीट झाली असती तर माझ्याकडे काय उरलं असतं?

आता सांगायची गोष्ट.

शेवटच्या सकाळी डबा माझ्या हातात होता. तुमच्याशी बोलणं बंद करून मला तीन दिवस झाले होते. पहिली चिठ्ठी मी काढली. उघडली. "दिनानाथ." मी ती घडी करून परत डब्यात टाकली.

आपलंच नाव आलं तर चिठ्ठी परत टाकायची, असा नियम होता, म्हणून कुणी काही म्हणालं नाही. दुसरी काढली, शंकररावांची आली. ती खिशात घातली. मनात म्हणालो, दुसरा कुणीतरी दिनानाथसाठी प्रार्थना करील, माझ्याकडून होणार नाही.

दादा, आठ वर्षं मी शंकररावांसाठी रोज न चुकता प्रार्थना करतोय. पुढचं शिबिर भरलंच नाही, पाणी दिलं नाही, म्हणून सुटलो असं मानलं नाही. आणि शंकररावांचं सगळं छान झालं. दोन्ही मुलं नोकरीला लागली, स्वतःचा ब्लॉक झाला, पोट मावत नाही इतकं झालं. इकडे तुमची एकेक बातमी यायची. नोकरी गेली. मग वहिनी. देव माझ्या चिठ्ठ्या बघून कृपा वाटतो असं मी मानत नाही. एवढं शास्त्र मी वाचलंय. पण पहाटे गुडघ्यावर बसून "शंकररावांना सांभाळ" म्हणताना माझी जीभ अडते. हे नाव माझ्या वाट्याचं नव्हतं. माझ्या वाट्याचं नाव मी परत टाकलं.

तुमची चिठ्ठी त्या दिवशी कुणाला गेली ते मी आठ वर्षं मनात शोधतोय. प्रत्येकाला भेटलो की वाटतं, हाच असेल का? याच्या प्रार्थनेत तुम्ही आहात का? विचारता येत नाही.

तुम्ही क्षमा करावी असं लिहिणार होतो. पण तेही मागणंच झालं. म्हणून फक्त सांगितलं.

श्रीपाद

*

(पोस्टकार्ड)

अंबरनाथ
५ मार्च १९९५

दादा, सलाम. महिना झाला, पत्र नाही. उपवासकाळ सुरू झाला. शेडसाठी पत्रे आणले, शंकरराव आणि मी मोजमाप करतोय. तुमच्या पत्राची वाट बघतो. रागाचं असलं तरी चालेल.
श्रीपाद

*

राहुरी
१४ मार्च १९९५

प्रिय श्रीपाद,

रागाचं पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. पुतण्याची पोरगी विचारते, "आजोबा, तुम्ही कागद फाडायची नोकरी करता का?"

तू चिठ्ठी परत टाकलीस ते मी बघितलं होतं. मी विहिरीच्या कट्ट्यावर पोरांना गाणं म्हणायला लावत होतो, पेटी नव्हती म्हणून टाळ्यांवर. मला वाटलं, तुझंच नाव आलं असेल. गाणारा शेवटी चिठ्ठी काढायचा, तो आपला रिवाज. सगळ्यांची काढून झाली, डबा माझ्याकडे आला. तळाशी एकच चिठ्ठी होती. घडी आधी एकदा उघडलेली होती. उघडली तर "दिनानाथ." तेव्हा मला कळलं, तू काय परत टाकलंस.

शेवटच्या माणसाला स्वतःचं नाव आलं तर सगळ्या चिठ्ठ्या परत डब्यात टाकायच्या आणि पुन्हा काढायच्या. मी तसं म्हणू शकत होतो. पण पोरं रांगेत उभी होती, फाट्यावरची एस.टी. गाठायची होती. आणि खरं सांगायचं तर मला तुला पुन्हा डब्यात हात घालायला लावायचं नव्हतं. मी म्हटलं, "झालं, चला." आणि हसलो.

म्हणजे तुला आठ वर्षं कोडं होतं, मला नव्हतं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की माझं नाव कुणाकडे नाही. नोकरी गेली त्या दिवशी आठवलं. पद्मजाला हॉस्पिटलात नेलं त्या दिवशी आठवलं. तू म्हणतोस तसं मीही मानत नाही. तरी आठवलं.

फाडलेल्या त्या तीन पत्रांत हेच होतं, फक्त शब्द जास्त कडू होते.

उतरताना विहिरीपाशी गंगू भेटली. हंडा डोक्यावर, मला म्हणाली, "काय रं, तोंड कशापायी पाडलंस?" मी चिठ्ठी तिला दिली. गंमत म्हणून. "ही ठेव. यावर माझं नाव आहे. वर्षभर माझं नाव घे, बरं असू दे म्हण. पुढच्या मेमध्ये येतो, मग मला पाणी दे." तिला वाचता येत नाही. तिनं कागद उलटसुलट बघितला आणि कमरेला खोचला. पुढचा मे आलाच नाही. ती कधीच विसरली असेल.

तुझ्यावर रागावलो होतो. आता म्हातारपणी तो राग सांभाळायला जड जातो. पण मी येणार नाही.

दिनानाथ

*

अंबरनाथ
१० एप्रिल १९९५

प्रिय दिनानाथदादा,

काल झावळ्यांचा रविवार झाला. परवा शनिवारी मी डोंगरावर गेलो होतो. एकटाच. पत्रे बसवायला माणसं बघायची हे निमित्त होतं.

पायवाटेवर करवंदाच्या जाळ्या इतक्या माजल्यात की दोनदा वाट चुकलो. वर पोचल्यावर समोर धरणाचं पाणी दिसलं आणि मी दगडावर बसलो. तोच दगड, जिथे तुम्ही पोरांच्या पायांतले काटे काढायचात. विहीर शाबूत आहे. माझा पंप मात्र कुणीतरी नेला. मला बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

गंगू विहिरीवरच होती. पाठीला बाक आलाय, पण हंडा तोच डोक्यावर. मला लगेच ओळखलं नाही. ओळखलं तेव्हा पहिलं वाक्य हे:

"पेटीवाला ना तू? अजून रागावलेला हाईस?"

मी म्हणालो, "नाही गं मावशी."

"पेटी फाटली ती माझ्या जावायाच्या भावानं फाडली. ताडी पिऊन बसलावता. तुजा गाणारा काय करील त्याला? उगा त्याला बोल लावलास." मग हंडा उतरवून म्हणाली, "तो कसा हाय? दिनानाथ?"

दादा, तुम्ही आठ वर्षांत तिकडे फिरकला नाहीत. तिच्या तोंडी तुमचं पूर्ण नाव स्पष्ट आलं, आपण रोजचं नाव घेतो तसं. मी विचारलं, "तुला नाव कसं आठवतंय?"

ती माझ्याकडे मी खुळा असल्यासारखं बघत राहिली. "आठवंल कसं नाय? रोज घेतंय. त्यानंच सांगितलंवतं ना. सकाळी पयला हंडा सोडला का बोलतंय, दिनानाथाला बरं ठेव. मंग पाणी वढतंय."

"कागद आहे अजून?"

"कागद तवाच भिजला. नाव काय भिजतंय?"

मी विचारलं, "कुणाला सांगतेस, मावशी?"

"विहिरीत आभाळ दिसतं. ज्याला ऐकायचं तो ऐकंल."

मग मी वहिनी गेल्याचं सांगितलं. ती खाली बसली. दोर हातातच होता. मग म्हणाली, "बायकोचं नाव तं त्यानं मला दिलंच नाय. दिलं असतं तं तेबी घेतलं असतं."

दादा, मी मिशनच्या शाळेत शिकलो, चर्चचा वडील झालो, तीस वर्षं रविवारी वचन वाचलं. माझ्या हातून जे नाव सुटलं ते त्या बाईनं रोज पहिल्या हंड्याबरोबर उचललं. तिला कुणी शिकवलं नाही, आणि थांबायलाही कुणी सांगितलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "यंदा येणार हाय का? पाणी द्यायचं राह्यलंय माझं."

तिला उत्तर तुम्ही द्यायचं आहे.

आज सकाळी पेटी खाली काढली आणि उल्हासनगरला नेऊन दिली. सिंधी म्हातारा म्हणाला, "बाबा, इतने साल क्या सो रहे थे?" पंधरा दिवसांत भाता बदलून देतो म्हणालाय.

श्रीपाद

*

राहुरी
१७ एप्रिल १९९५

प्रिय श्रीपाद,

काल ईस्टर झाला. पहाटेच्या उपासनेत मी एक कडवं म्हटलं. आवाज फाटका निघाला. पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळली आणि तिनं पुस्तक मिटलं, ऐकायला. फार सांगत नाही.

३० एप्रिलला रात्रीच्या गाडीनं कल्याणला येतो. विठ्ठलवाडीला भाचीकडे उतरेन, सकाळी तिथूनच मला घे. चढावर दर वळणाला थांबीन, मुकाट्यानं थांबायचं. शंकररावांना सांग, बिस्किटांना हात लावायचा नाही.

एक अट आहे. या वर्षी डब्यात गंगूचं नाव टाकायचं. आठ वर्षं तिनं घेतलं, तिचं कोण घेणार?

दिनानाथ

*

अंबरनाथ
२१ मे १९९५

प्रिय दिनानाथदादा,

सलाम. गुडघा कसा आहे? मालिनीनं तेल पाठवलंय, पार्सल मिळालं की कळवा. पोरं अजून तुमची गाणी चाळीत म्हणतात. शेजारचे वैतागलेत.

दहा दिवसांचं काय लिहू? तुम्ही होतातच. पण त्या पहिल्या संध्याकाळचं मला लिहून ठेवायचं आहे, म्हणजे म्हातारपणी माझं मलाच वाचता येईल.

जुन्या अकरापैकी सात जण होतो. आपल्या पाळकसाहेबांनी जुन्या चिठ्ठ्यांचं पाणी आधी द्यायला सांगितलं. मी पेला भरून शंकररावांपुढे धरला. ते म्हणाले, "आठ वर्षं तू होतास होय? तरीच वजन उतरत नाही." सगळे हसले, मीही हसलो. त्याआधी मला त्या क्षणाची फार भीती वाटत होती.

मग गंगू उठली. तिनं पेला घेतला नाही. विहिरीवर गेली, स्वतः दोर सोडला, हंडा भरून आणला आणि तुमच्या ओंजळीत ओतू लागली. तुम्ही वाकून प्यायलात. पाणी तुमच्या सदऱ्यावर सांडलं. ती म्हणाली, "पी, सगळं पी, लय वर्सांचं हाय." तुम्ही मध्येच थांबलात, वर बघितलंत आणि ओली ओंजळ तशीच माझ्यापुढे केलीत. त्यात घोटभर पाणी उरलं होतं. मी प्यायलो. तुमच्या पत्रात जो शब्द मी शोधत होतो तो मग मला नको झाला.

शेवटच्या सकाळी डबा फिरला तेव्हा चर्चच्या एका वडिलांनी हळूच म्हटलं, "गंगू आपली सभासद नाही." तुम्ही म्हणालात, "मग तिनं वाहिलेलं पाणी आपण दहा वर्षं कुणाच्या नावावर प्यायलो?" पाळकसाहेबांनी स्वतःच्या हातानं तिचं नाव लिहिलं. तिला सांगितलं, आता तुझ्यासाठीही कुणीतरी रोज प्रार्थना करील. ती म्हणाली, "मोठ्यानं करा. मला ऐकू कमी येतं."

पेटी मी खाली आणली नाही. गंगूच्या थोरल्या लेकाच्या मुलीचं लग्न २८ तारखेला आहे. ती मागायला आली नव्हती. मीच नेऊन दिली. जावयाच्या भावाला मात्र लांब बसवा म्हटलं. गंगू म्हणाली, "तो मेला तीन वर्सांमागं." मला फार वाईट वाटलं. त्याचं नाव विचारून घेतलं.

डबा या वेळी पुन्हा माझ्याच हातात होता. पहिली चिठ्ठी मी काढली. नाव कुणाचं ते सांगायचं नाही, नियम आहे, आणि तुम्ही विचारूही नका. चिठ्ठी खिशात घातली. परत डब्यात काही टाकलं नाही.

आज सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा बादली खाली ठेवली आणि ते नाव घेतलं. मोठ्यानं.

तुमचा,
श्रीपाद